जवसाचा केक

वाटीतल्या कोमट पाण्यात जवसाची पूड ढवळून ठेवली होती. थोड्या वेळाने पाहिलं, तर ती दाट आणि चिकट झालेली, थेट फेटलेल्या अंड्यासारखी. मी ओट्याशी उभी राहून चमच्याने उचलून बघत राहिले.

सासूबाई अंडं खात नाहीत. घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला त्या औक्षण करतात, टाळ्या वाजवतात आणि मी केलेला केक सगळ्यांना वाढतात. त्यांच्यासाठी एकदा बिनअंड्याचा विकत आणला, तर म्हणाल्या, "पण तो तुझ्या हातचा नाही ना." तेव्हाच मी ठरवलं, अंड्याऐवजी जवस घालून घरीच करायचा.

जवस घालून केलेला पहिला केक मधोमध बसला. दुसऱ्याचा कापताना भुगा झाला. "राहू दे गं, कशाला जीव आटवतेस?" त्या म्हणाल्या.

"नाही आई, जमवणारच."

दोन्ही वेळा मी पूड भिजू न देताच घाईने घातली होती; या वेळी मात्र आधी वाटीत भिजवली. चटणीतल्या या कोरड्या दाण्यात सगळं धरून ठेवायची ताकद आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. सासू-सुनेचंही तसंच असावं.

तिसरा केक सुरीखाली नीट उभा राहिला. आईंनी एक घास सावकाश खाल्ला. मग बशीतला चुरा बोटाने टिपत म्हणाल्या, "अजून दे. जरा मोठा काप."