नसीमा मॅडमची फिर्याद

उमरग्याच्या कोर्टात नसीमा मॅडम एखादा खटला हरल्या की समोरच्या वकिलाला स्वतः चहा पाजायच्या. कप हातात देताना म्हणायच्या, "घ्या. पण विसरले असं समजू नका. विसरायचं आमच्या खानदानात न्हाय." लोक हसायचे. मी शेवटपर्यंत त्यांचा ज्युनिअर होतो. त्या थट्टा करत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सकाळी त्या कॉलेजात वाणिज्य शाखेला कायदा शिकवायच्या आणि मग स्कूटीवरून कोर्टात यायच्या. दोन्हीकडं आवाज तोच, खणखणीत. मुलींना सांगायच्या, "सही करायच्या आधी वाचायचं. कागद नवऱ्यानं पुढं केला तरी वाचायचं."

त्यांच्या वर्गातल्या सुनंदाला संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलानं ऑफिसात अडवलं. तिनं आरडाओरडा केला, शिपाई आणि कारकून धावत आले, म्हणून ती सुटली. तक्रार द्यायला मॅडम तिच्याबरोबर गेल्या, खटल्यात सरकारी वकिलांच्या मदतीला उभ्या राहिल्या. पण साक्षीच्या वेळी शिपाई म्हणाला, "म्या काय बी बघितलं न्हाय, साहेब." कारकुनानंही तेच सांगितलं. मुलगा निर्दोष सुटला. कॉलेजच्या फाटकात फटाके वाजले. मॅडमचे तास बंद झाले. अध्यक्षांनी उलट सुनंदाचीच गावभर बदनामी केली, तेव्हा तिच्या बापानं तिचं कॉलेज सोडवलं आणि तिला शिलाई मशीनवर बसवलं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी कुणालाच चहा पाजला नाही.

"कोर्टात साक्षीदार फुटतात," त्या मला म्हणाल्या, "कादंबरीत फुटत न्हाईत."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील. पण त्या खरंच लिहायला बसल्या. खटल्याचा पुकारा होईपर्यंत वकिलांच्या बार रूमच्या कोपऱ्यात मान खाली घालून लिहीत राहायच्या. लिहून झाल्यावर सगळी कादंबरी त्यांनी सुनंदाला वाचून दाखवली. मशीन थांबवून ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "छापा, मॅडम. फक्त त्यात मला रडवू नका." मॅडमनी रडण्याचे सगळे प्रसंग काढून टाकले.

प्रकाशक घाबरले. मग मॅडमनी सोलापुरातून स्वतःच पुस्तक छापून आणलं आणि कोर्टाच्या आवारात, एसटी स्टँडवर उभं राहून विकलं. माणसांची नावं बदललेली होती. पण अध्यक्षांचं बोलण्याआधी खाकरणं, घरातसुद्धा न उतरणारा गॉगल, "माझ्या लेकी" म्हणत मुलींच्या डोक्यावर हात ठेवणं, सगळं जसंच्या तसं. लोकांनी मिटक्या मारत वाचलं. अध्यक्ष बाजारातून निघाले की पाठीमागून कुणीतरी कादंबरीतल्याच नावानं हाक मारायचं. एकदा तर त्या हाकेला ते वळलेसुद्धा!

त्यांच्या वकिलानं अब्रुनुकसानीची नोटीस धाडली. मॅडमनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली आणि डोळे मिटून, गाणं ऐकावं तशी ऐकली. मग उत्तर सांगितलं, "लिही. पुस्तकातला तो नालायक माणूस म्हणजे आपणच, असं आपल्या अशिलानं कोर्टात शपथेवर सांगावं. पुढचं मी बघते."

पुन्हा नोटीस आली नाही.

पुढं अध्यक्ष वारले. शोकसभेला सभागृह गच्च भरलं. मॅडम पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. एकेक जण माइकवर येऊन त्या थोर शिक्षणप्रेमी माणसासाठी गहिवरून गेला. सूत्रसंचालक नवखा होता. माजी प्राध्यापिका म्हणून त्यानं मॅडमचंही नाव पुकारलं. व्यासपीठावर अध्यक्षांचा मुलगा पांढऱ्या कपड्यांत बसला होता. तो अर्धवट उठला, पण तोवर मॅडम माइकपाशी पोचल्या होत्या.

"माझं जे काही म्हणणं आहे," त्या म्हणाल्या, "ते छापलेलं आहे."

आणि खाली उतरल्या. मग मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आवरेना, आणि ते हसू रांगेरांगेतून पुढं सरकत आलं. मुलानं मान खाली घातली ती वर केली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मॅडम, आता तरी राग गेला का?"

त्यांनी स्कूटीला किल्ली लावली.

"तो मेला," त्या म्हणाल्या. "सुनंदाचं कॉलेज परत आलं का?"