कमी-जास्त किती?

“कमी-जास्त किती?” हा आमच्या सरांचा कायमचा प्रश्न. श्रीगोंद्याची एसटी दहा मिनिटांत येईल म्हटलं, की मान तिरकी करून विचारायचेच. केडगावात आम्ही शेजारी आणि कॉलेजही एकच. ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, “सर, यष्टी हाय ही, सोनाराचा काटा न्हाई.” सर दिवसभर खूश होते.

त्यांचं खरं काम घरी चालायचं. जड मेसॉन नावाचे कण जन्मतात न जन्मतात तोच फुटतात. त्यातला एखादाच फार विरळ रीतीने फुटतो. अशांचं प्रमाण सर गणिताने काढत, आणि परदेशातल्या यंत्रांवर तेच मोजलं जाई. दोन्हींत फरक पडला आणि तो ‘कमी-जास्त’च्या, म्हणजे चुकीसाठी धरलेल्या मुभेच्या, बाहेर गेला, तर निसर्गात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे. त्या फरकाची वाट पाहण्यात त्यांची हयात गेली. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. लोक त्याला रिकामटेकडा म्हणतात.

त्यांचं एक सोवळं होतं. स्वतःचं उत्तर पक्कं होईपर्यंत यंत्राचा आकडा पाहायचा नाही. “आधी कळला की हात तिकडे वळतो,” म्हणायचे.

एका वर्षी कुणीतरी तो आकडा मोबाईलवर पाठवला आणि त्यांनी पाहिला. पुढे त्यांचं उत्तर आलं ते त्या आकड्याहून चांगलंच वेगळं. शोधनिबंध गाजला. स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतः पेढे वाटले. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

काही वर्षांनी त्यांनी तेच गणित पुन्हा केलं. किरकोळ म्हणून सोडलेला एक भाग किरकोळ नव्हता. तो धरला की कमी-जास्त वाढत होतं आणि सगळा फरक त्यात बुडत होता. कुणी विचारलं नव्हतं. सरांनी आपणहून चूक जाहीर केली.

“चूक कुणाची होत नाही, सर?” मी म्हणालो.

“चुकीचं दुःख नाही हो. मला फरक हवा होता, म्हणून मी तपासायचं थांबवलं.”

नंतर ते नोकरी सोडून पुणतांब्याला, आपल्या गावी गेले. परवा वहिनींचा फोन आला. “भावजी, तुमी एकदा येऊन जा. हे कागदाला हात लावत न्हाईत. लई गप हायेत.”

गेलो. सर ओट्यावर बसले होते. हसले, चहा घेतला, गोदावरीच्या पाण्याबद्दल दोन शब्द बोलले. निघताना मी मुद्दामच म्हणालो, “पुढच्या महिन्यात येतो, पंधरा तारखेला.” आणि त्यांची मान तिरकी होण्याची वाट पाहत उभा राहिलो.

“बरं,” सर म्हणाले.