राब भाजायच्या आधीचा कागद

"हे भात कोणाचं?" कृषी सहायकाने विचारलं.

कापणीला आलेलं भात परतीच्या पावसाने चिखलात आडवं झालं होतं. लोंब्यांना कोंब फुटले होते. मी बांधावर उभी होते. माझं, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून शेठ म्हणाला, "तिला काय विचारता साहेब? मजूर आहे ती आमची." मग माझ्याकडे वळून, "बघत काय उभी राहिलीस? साहेबांच्या पायावर पाणी घाल."

मी घातलं. तांब्या भरभरून घातलं. मी त्या माणसाचे पाय धूत होते आणि तो पंचनाम्यावर शेठचं नाव लिहीत होता. आजही आठवलं की शेठपेक्षा माझाच राग जास्त येतो.

शेत नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. सातबारा शेठचा. तो पनवेलला राहतो, शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येतो. भाताचं रोप त्याने कधी हातात धरलेलं नाही. आम्ही वाडीतली माणसं. अकरा वर्षं ते शेत अर्धेलीने करतोय. बी आमचं, खत आमचं, मोडलेली कंबर आमची. अर्धं भात शेठच्या पडवीत नेऊन टाकायचं, पावती मागायची नाही.

आणि दरवर्षी उन्हाळ्यात राब भाजायच्या आधी, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळायच्या आधी, शेठचा राखणदार एक कागद घेऊन येतो. आम्ही रोजावरचे मजूर आहोत, जमिनीशी आमचा काही संबंध नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. नवरा अंगठा लावायचा. मी सातवी शिकलेली. मी सही करायचे, तीही वाचून. वाडीत सही करणारी बाई मी एकटी, त्याची ऐट वाटायची मला. असलं माझं शहाणपण.

नुकसानीचं अनुदान आलं ते शेठच्या खात्यात. आमच्या घरात ना खायला भात, ना पेरायला बी. नवरा तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात रोजावर जायला लागला. संध्याकाळी खोकत यायचा. पोरीची शाळा सुटली. शेवटी मी फार्महाऊसवर गेले. तासभर पायरीखाली उभं केलं. सगळं नको, बियाण्यापुरतं तरी द्या, म्हटलं. भीकच मागितली, खोटं कशाला बोलू?

शेठने आतून तोच कागद आणला.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"मग तुझं कसलं नुकसान? मजुराचं कधी पीक बुडतं का?"

माझ्याच अक्षराने माझं तोंड बंद केलं होतं.

यंदा राखणदार पुन्हा आला. नवऱ्याने अंगठा पुढे केला. मी त्याचा हात धरला.

"नाय करनार आमी सही," मी म्हटलं. "अर्धं भात देऊ. पन मजूर हाव असं लिवून नाय देनार."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगो, शेत जाईल. खानार काय?"

त्याचं काही चुकत नव्हतं. तरी मी त्याचा हात सोडला नाही. शेठ दुसरं कुणीतरी बघेल, असं सांगून राखणदार निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने राब भाजला. नणंदेने तिच्या घरातलं बी दिलं. तहसील कचेरीत अर्ज टाकला, शेत कोण कसतं ते जागेवर येऊन बघा म्हणून. कारकून पुरावा मागत होता. अकरा वर्षांचा पुरावा आमच्या पाठीवर आहे, तो कुठल्या कागदाला जोडू? तरी अर्जावर पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

परवा राखणदार धमकी घेऊन आला. पोलीस येतील, जेसीबी येईल. येतील कदाचित. भीती वाटते. तरी मी त्याच्याकडे निरोप दिला:

"लावनीला मी उतरनार हाय. अडवायचं आसंल तर शेठला म्हनावं, सोता चिखलात उतर."