केसरबाईनं पारखलेली गाडी

अंगण शेणानं सारवायचं काम आमच्याकडे बाप्या माणूस करत नाही. त्या संध्याकाळी मी केलं. माझी बायको केसरबाई पालथ्या घमेल्यावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि मुकादमासारखी हुकूम सोडत होती. "ओ शोभाना बाप, कोपरा ऱ्हायना. हात चपटा ठेवा. भिंत लिपी ऱ्हायनात का?" शोभा आमची लेक. ती सुरतेकडे दिली आहे. शेजारची भागाबाई कुंपणावरून बघून हसली, "काकू, सून तं चांगली मियनी तुम्हले!" केसरबाई म्हणाली, "सून चांगली शे, पन पाठ वाकस नही तिन्ही."

सारवण जरा वाळू दिलं आणि त्यावर मी ती गाडी उभी केली. पोलिसांची जुनी जीप होती. सरकारी लिलावातल्या गाड्या घेऊन विकणारा शहाद्याचा भिकनशेठ, त्याच्याकडची. रात्रभर गाडी उभी ठेवायची आणि खाली काय गळतं ते सकाळी बघायचं, हे केसरबाईचं डोकं. "तेल पडो का पानी पडो, सारेल जमीनवर काहीच लपस नही." किल्ली तिनं कमरेच्या बटव्यात घातली. मग आम्ही भाकरी खाल्ली, मिरचीचा ठेचा होता. झोपलो. आमचं दोघांचं शेवटचं काम हेच. दुसरं काही मोठं झालं नाही. सांगण्यासारखं बोलणंही झालं नाही.

केसरबाई मिरची विकायची. कळसाडीत आमचं थोडं रान आहे, त्यात मिरची. ती वाळवायची, निवडायची आणि आठवडे बाजार करायची. तळोदा, अक्कलकुवा, वर मोलगीपर्यंत. मी कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो, म्हणून घर चालायचं असं लोक म्हणायचे. घर तिच्या पोत्यांवर चालायचं. इतर बाया वजन वाढावं म्हणून मिरचीवर पाणी मारतात. तिनं कधी मारलं नाही. म्हणायची, "ओली मिरची काटावर भारी, इमानमा हलकी." गिऱ्हाईक आलं की मिरची मोडून त्याच्या नाकाखाली धरायची. शिंकला की म्हणायची, "आते घेशी. शिंक खोटी ऱ्हास नही." डोंगरातल्या बाया तिच्याशी भिलीत बोलायच्या, ती भिलीत उत्तर द्यायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. मी चौथीपर्यंत पाहिलं आणि त्यानं माझं काही भलं झालं नाही.

मग गुडघे गेले. एसटीची पायरी चढता येईना. कंडक्टर चांगला होता, हात द्यायचा, पण एक दिवस ती पोत्यासकट खाली बसली आणि उठेचना. डॉक्टर म्हणाला, बाजार बंद. घरी आल्यावर ती दिवसभर मिरची निवडत बसली. संध्याकाळी म्हणाली, "घरमा बठाडी दिधं तं मी सडी जासू. मिरची बी बठी ऱ्हायनी का सडस." हे तिनं रडून नाही सांगितलं. भाव सांगावा तसं सांगितलं. मी तिला ओळखत होतो. घरात बसवली तर ती खरंच राहिली नसती. म्हणून गाडी. ट्रॅक्टर सोडून वर्षं झाली होती, डोळ्यांना कमी दिसायचं, तरी म्हटलं मी चालवीन. बाजारापर्यंत तुला नेईन आणि परत आणीन, बाकी कुठं नाही.

भिकनशेठकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यानं सेल मारला आणि गाडी एका झटक्यात चालू. मी खूश. ही काठी टेकत पुढं आली. कुठल्या बाईनं गाडीच्या बोनेटला आधी हात लावला असेल? हिनं लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

"भिकनभाऊ, चुल्हा आधीच पेटाडी ठेवा का तुम्ही?"

"काय काकू?"

"गरम शे ही. आम्ही येवाना आधी चालू करी ठेयी. थंडी असताना उठस का, ते देखनं शे मले."

भिकनशेठ हसला, पण कानाची पाळी लाल झाली त्याची. मी आडवा होऊन खालून चेसिस बघितली, वेल्डिंग नव्हतं. ऑइलची पट्टी काढून बोटावर चोळली. धूर बघितला, काळा नव्हता. क्लच जरा वर आला होता, म्हणजे झिजलेला. मी म्हटलं, किलोमीटर तर फारच कमी आहेत. भिकनशेठला तेच हवं होतं. "बघा ना काका! पोलिसांची गाडी, फिरतेच किती?"

केसरबाई म्हणाली, "मी बाजारमा दिनभर कितली चालस? एक पाऊल नही. मंग मन्हा गुडघा कसाले गयात?"

बंदोबस्ताला गाडी उभी असते, इंजिन चालू असतं, काटा पुढं सरकत नाही. मला हे ठाऊक होतं. पण गुडघ्यावरून ते मला सुचलं नसतं. माझे गुडघे दुखत नव्हते.

सगळंच तिला कळायचं असं नाही. टपावर चार भोकं होती, लाल दिव्याच्या स्क्रूची. तिनं ठरवलं की गोळ्या लागल्या आहेत. भिकनशेठनं घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. ही म्हणे, "तू काय सांगशी खरं." मागच्या सीटवर बसायला तिनं साफ नकार दिला. "तठे चोर बठेत. मी पुढे बठसू."

दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा बोनेट थंड होतं. भिकनशेठ म्हणाला, घेऊन जा काका, चढावर चालवून बघा. हिनं लगेच पुढची मागणी टाकली, "चढ देखसूत, आनि रातभर गाडी मन्हा आंगनमा ऱ्हाई. सकायले तुम्ही या, हो का नही ते सांगसू."

"काकू, गाडी काय बैल शे का, घर नेईसन चारा खास का देखाले?"

"बैल तं खोटं बोलस नही, भाऊ."

दिली बिचाऱ्यानं. नाही म्हणायची सोय नव्हती.

अक्कलकुव्याच्या पुढं डोंगराकडं वळलो. ती पुढं बसलेली, पदर खोचलेला, मांडीवर मिरचीची पिशवी. तिला इतकी ताठ बसलेली मी कितीतरी दिवसांनी बघत होतो. चढाला गाडीनं दम सोडला नाही. पण भिकनशेठनं पांढरा रंग मारला होता तो पातळ होता. उन्हात तिरपं बघितलं की खालून 'पोलीस' ही अक्षरं वर यायची. एका पाड्याशी वळण घेतलं, तर झोपडीबाहेर बसलेली एक म्हातारी ताडकन उठली आणि पुढ्यातला हंडा तिनं पालथा केला. मोहाची दारू. सगळी मातीत. वास थेट गाडीत.

केसरबाई म्हणाली, "थांबवा, थांबवा!" काठी टेकत, माझा खांदा धरत उतरली. भिलीत काहीतरी ओरडली. म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखलं, बाजारातली मिरचीवाली! मग जे तोंड सोडलं तिनं. मला अर्धंच कळलं, पण अर्धंही लिहिण्यासारखं नाही. हिला सगळं कळलं. ही हसायला लागली. शिव्या खात होती आणि हसत होती, पदर डोळ्यांना लावून. मांडीवर आणलेली सगळी मिरची तिनं म्हातारीच्या ओटीत ओतली. शेवटी म्हातारीपण हसली, पण शिव्या थांबवल्या नाहीत.

परतताना ती म्हणाली, "गाडी लिधी तं पहिले रंग बदला. नही तं मन्ह गिऱ्हाईक पळी जाई." 'लिधी तं', म्हणजे 'घेतली तर', असं म्हणाली, पण मला समजलं. तिच्या मनानं गाडी घेतली होती. खाली काय गळतं तेवढंच राहिलं होतं.

सकाळी मला आधी जाग आली. अंगणात जावं आणि वाकून बघावं असं वाटलं, पण म्हटलं नको, तिचं काम आहे, तिच्यासोबत बघू. तिला हाक मारली. हात लावला. बोनेट तापलंय की थंड आहे हे बघायला तिनं मला शिकवलं होतं. ती थंड होती.

लोक म्हणतात झोपेत गेली, पुण्यवान होती. मला त्यातलं काही कळत नाही. पुण्यवान माणसानं निदान सकाळ बघावी. एवढी एक सकाळ बघितली असती तर काय बिघडलं असतं कुणाचं?

भागाबाईच्या रडण्यानं गल्ली जमली. अंगणात जागा हवी होती आणि मध्ये ती गाडी उभी. कुणी म्हणालं, ढकलू. मी आत गेलो, तिच्या कमरेचा बटवा सोडला, किल्ली घेतली. गाडीत बसून सेल मारला. रात्रभर थंडीत उभी होती. एका झटक्यात चालू झाली. बायांचं रडणं थांबलं त्या आवाजानं. मी तशीच गाडी मागं घेतली गल्लीत, उतरलो आणि जिथं ती उभी होती तिथं वाकलो. हात फिरवला. कुठं डाग नाही. एक थेंब नाही. लोकांना वाटलं, माझं काही पडलंय.

तेवढ्यात भिकनशेठ आला. गर्दी बघून परत वळत होता. मी हाक मारली.

"गाडी चांगली शे. काहीच खोट नही."

"काका, आता कसलं ते…"

"ती विचारी ऱ्हायनी व्हती, म्हनीसन सांगी ऱ्हायनू. चांगली शे. लई जाय."

"राहू द्या हो. लेक यायची आहे, धावपळ आहे, कामाला येईल. पैशांचं नंतर बघू."

"भिकन, ही किल्ली, लई जाय."

त्यानं किल्ली घेतली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी माणसं. मी मागं उभा राहून हातानं दाखवलं. ये, ये, डावीकडं कट मार, हां, सरळ. कोपऱ्यावर वळेपर्यंत दाखवत राहिलो. गाडी गेली.

मग चौघं जण तिला बाहेर आणायला आत शिरले. कुणी खांदे धरले, कुणी पाय. गुडघ्यांखाली हात मी घातला. भागाबाईचा पोरगा म्हणाला, काका, तुम्ही सोडा, मी धरतो. मी त्याला बाजूला सारलं.