शेषगिरीरावांचं कागदी छत

तंजावूरच्या शेषगिरीरावांना विंचवाची भीती होती, आणि ती काही उगाच नव्हती. मागच्या खोलीत कौलांतून विंचू पडला आणि त्यांचं पहिलं बाळ त्याच्या डंखानं गेलं. तेव्हापासून हा माणूस वर बघितल्याशिवाय कुठल्याही खोलीत पाऊल टाकत नसे. लोक हसत. हसोत बापडे.

१९५८ साली मुलगी राजम बाळंतपणाला माहेरी आली, तसे ते दिवसातून दहादा मागच्या खोलीत जाऊन वर बघू लागले. खोली तीच होती, कौलंही तीच. कौलांखाली लाकडी छत घालणं खिशाला झेपणारं नव्हतं. पण ते छापखान्यात कागद कापायचं काम करत आणि तिथे कातरणाचे ढीग पडत. दुकानदार साबणाचे, चहाचे रिकामे पुठ्ठ्याचे खोकेही टाकूनच देत. गल्लीतले बाहुल्या करणारे कागदाच्या लगद्यातून काय काय उभं करतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी सगळं हौदात भिजवलं, उखळात कांडलं, चुना घालून लाकडी चौकटीत थापलं आणि त्याचे तक्ते उन्हात वाळवले.

"यांत गूळ काहे घातलांत?" पत्नी कृष्णवेणीनं विचारलं.

"आजोबांनी गच्चीच्या चुन्यांत घातला होता. अजून तडा नाहीं."

गूळ चुन्याला मानवतो, कागदाला नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. तुळयांच्या मध्ये तक्ते ठोकले, नात झाली, तिची झोळी बांधली, आणि शेषगिरीराव कितीतरी वर्षांनी पोटभर जेवले.

मग दिवाळीच्या सुमाराचा, ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला. कौलं गळू लागली. एका सकाळी भिंतीवरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली. त्यांनी काठीनं तक्ता दाबून पाहिला, तर काठी पिठात जावी तशी आत गेली. झोळीवरचा तक्ता तर पोट सुटल्यासारखा खाली आला होता. ते काठी टाकून धावले आणि बाळाला उचलून उंबऱ्याबाहेर आले.

मागे धप्पकन आवाज झाला. झोळी लगद्याखाली गेली होती. त्या ओल्या ढिगातून दोन विंचू निघाले आणि भिंतीकडे पळाले. ते इतके दिवस वर तक्त्यावरच बसून होते.

त्यांनी गळकी कौलं बदलली. नवे तक्ते केले, गुळाऐवजी चिंचोक्याची खळ घालून, वरून तेलाचे हात देऊन. पण बाळाला काही त्या खोलीत येऊ देईनात. झोळीच्या जागी त्यांनी आपली चटई टाकली. छापखान्यातून आलं की तिच्यावर उताणं पडायचं आणि वर बघत राहायचं, हाच त्यांचा उद्योग झाला.

"अप्पा, आतां झोळी बांधूं?" राजमनं विचारलं.

"नक्को. पाऊस सरूं दे. पडलं तर मजवर पडूं दे."

एका संध्याकाळी कृष्णवेणी दुसरी चटई घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली. पहिल्या बाळाचं नाव तिनं इतक्या वर्षांत काढलं नव्हतं. तीही रोज वर बघूनच या खोलीत येत होती, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"तुम्ही डोळे मिटा थोडे," ती म्हणाली. "मी बघतें."