नहरे घराण्याचा पुरावा

आमच्या आडनावाचा इतिहास शोधायला मी एक दिवसाची रजा टाकून गेलो आणि मुलीचं ठरलेलं लग्न जवळजवळ मोडून परत आलो.

आडनाव नहरे. हे पहिल्या फटक्यात कोणी बरोबर लिहिलेलं मी अठ्ठावन्न वर्षांत पाहिलेलं नाही. गॅसवाल्याच्या वहीत मी लहरे आहे, दूधवाल्याच्या वहीत मेहरे आणि एका लग्नपत्रिकेवर तर चक्क जहरे झालो होतो. माझ्या माहितीत या आडनावाची तीनच घरं आहेत. एक आमचं, दुसरं धाकट्या भावाचं आणि तिसरं चुलतभावाचं, आणि तो आमच्याशी बोलत नाही.

आमची ऋतुजा वाळूजला एका कारखान्यात आहे. तिथल्याच अक्षय कापसेशी तिचं जुळलं. मुलगा सालस, घरचे वैजापूरचे कांद्याचे व्यापारी. दोन्हीकडच्यांना तयार करायला पोरांना वर्ष लागलं. शेवटी बैठक ठरली. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात अक्षयच्या आजीनं, यमुनाबाईंनी, चहाची बशी खाली ठेवली.

"नहरे म्हंजे कोण? आमच्याकडं कुणी ऐकलं नाय हे नाव."

एवढंच विचारलं होतं. 'आम्हालाही ठाऊक नाही' म्हणालो असतो तर विषय मिटला असता. पण समोर पाहुणे, अंगावर नवा सदरा. मी म्हणालो, "आजी, शहराला पाणी पुरवणारी ती जुनी जमिनीखालची नहर आहे ना, तिचा कारभार आमच्या पूर्वजांकडे होता. म्हणून नहरे."

(हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी पोहे वाढून घेतले.)

"व्हय का," यमुनाबाई म्हणाल्या. "कागद असंल की मग."

"आहे तर. पाठवतो."

साखरपुडा पुढच्या रविवारी, वैजापूरला त्यांच्या शेतावर ठरला. गुरुवारी मी आजोबांच्या जुन्या दाखल्यावरचा नोंद क्रमांक घेऊन त्यांच्या शाळेत गेलो. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी निजामाच्या वेळचं रजिस्टर काढून दिलं. सगळं उर्दूत. मला त्यातलं अक्षर कळेना, पण पान जुनं, शाई तपकिरी, कोपऱ्यात शिक्का. ऐतिहासिक पुराव्याला आणखी काय लागतं? मी फोटो काढला आणि दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घराण्याचा अस्सल पुरावा.'

मग घरी येऊन शेजारच्या सलीमभाईंना तो वाचायला दिला. सलीमभाई उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"भाई, यां नहरे बाद में लिखा है। पहले दूसरा नाम था, वो काट दिया।"

"दूसरा कौनसा?"

"कापसे।"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "नीट बघा सलीमभाई."

"अब इससे नीट कैसा देखूं? गनपत कापसे। साफ लिखा है।"

आजोबांचं नाव गणपतच. ते कापसे असतील तर आम्हीही मूळचे कापसे. म्हणजे अक्षय आमच्या भावकीतला, आणि ऋतुजा त्याची बहीण! आणि हा पुरावा मीच सगळ्यांना पाठवला होता.

मी घाईघाईनं तो संदेश पुसायला गेलो. 'सगळ्यांसाठी' ऐवजी 'फक्त माझ्यासाठी'वर बोट पडलं. आता तो फोटो अख्ख्या ग्रुपमध्ये फक्त मला दिसत नव्हता.

अर्ध्या तासात अक्षयच्या वडिलांचा, उत्तमरावांचा फोन आला. त्यांच्या आडतीवर उर्दू वाचणारे एक चाचा बसायचे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"नहरेसाहेब, तुम्ही तर कापसे निघालात."

"तसं नसेल हो."

"तुमचाच कागद आहे. आई जेवायची थांबलीय. म्हणती, बहीणभावाचं लगीन लावायचं का?"

ऋतुजा समोरच उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "बाबा, कुणी मागितलं होतं हे?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बायकोनं मला चहा दिला, पण साखर घातली नाही.

आता खरं सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, आजोबांची थोरली लेक, माझी वच्छाआत्या. ती वेरूळला राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढं, कानांनी कमी ऐकू येतं. शुक्रवारी सकाळी आम्ही तिच्या ओट्यावर जमलो. एका बाजूला आम्ही तिघं, दुसऱ्या बाजूला उत्तमराव, अक्षय आणि यमुनाबाई. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. अक्षयनं दोनदा ऋतुजाकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा उत्तमराव खाकरले.

"आत्या, आपण कापसे का?" मी ओरडून विचारलं.

"कापूस? कापूस आता कोण लावतं बाबा."

"कापूस नाही. कापसे, आडनाव!"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. अक्षयचा पाय सारखा हलत होता.

"कापसे म्हंजे माझ्या बापाच्या मामाचं घर," ती म्हणाली. "माझ्या बापाचा बाप लवकर गेला. मग कापसे मामानं माझ्या बापाला शहरात आणून शाळेत घातलं. मास्तरनं मामाचंच आडनाव लिवलं. आता मामाच्या पोराचं नाव बी गणपत. एका वर्गात दोन गणपत कापसे. एकानं खोडी करायची, दुसऱ्यानं मार खायचा."

"मग नहरे कसं झालं?" यमुनाबाई पुढं सरकल्या.

"माझा बाप त्या नहरीच्या उघड्या तोंडातून वाकून बघायला गेला अन् पडला आत. लई आरडाओरडा. दोरानं काढला. मास्तर म्हणला, बरं झालं, आता हा नहरीवाला गणपत. तेच लिवलं. खरं तर आपण जाधव."

तीन घरांचं दुर्मीळ आडनाव एका दमात गेलं. आमच्या गल्लीतच चार जाधव आहेत.

यमुनाबाई बोटांवर हिशेब लावत होत्या. "म्हंजे आमची लेक तुमच्या घरात दिलेली."

"व्हय," आत्या म्हणाली.

"मग जुनीच सोयरीक की. हे आधी सांगायचं नाय का?" त्या माझ्याकडे वळल्या. "कारभारी म्हणं."

उत्तमरावांनी मोठा श्वास सोडला. ऋतुजा अजून माझ्याशी बोलत नव्हती, पण तिनं आत्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तेव्हा कुठं माझे डोळे भरून आले.

रविवारी साखरपुडा थाटात झाला. कापशांच्या शेतात मोठं शेततळं आहे, मांडव त्याच्या काठावरच घातला होता. मी मानाच्या खुर्चीवर बसलो होतो. यमुनाबाई लगबगीनं आल्या, त्यांनी उत्तमरावांना हाताला धरून बाजूला नेलं आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "व्याह्यांची खुर्ची तळ्यापासून लांब ठिवा. त्यांच्यात पडायची चाल हाय."