एडिंबऱ्यात आम्ही दोघंच

लोक आठ-आठ दिवस परदेश फिरून येतात आणि "छान होतं हो" एवढंच सांगतात. आमचा एडिंबऱ्याचा दिवस एकच, पण तो काही केल्या संपत नाही! रत्नागिरीत घरी कुणी आलं की हे एक सांगतात, त्यावरून मला दुसरं आठवतं, आणि समोरच्याचा चहा गार होतो.

मुलगी ग्लासगोला असते. ती बरोबर येणार होती, पण ऐन वेळी तिला ऑफिसात बोलावलं. आम्हाला गाडीत बसवताना म्हणाली, "बाबा, तिथे मराठीत सुरू होऊ नका हं."

हे म्हणाले, "माझं इंग्रजी ऐकलं तर तेच म्हणतील, मराठीत बोला!"

* * *

तिथलं स्टेशन खोलगट जागेत आहे. जिना चढून वर आलो आणि समोर किल्ला! काळाभोर कातळ, आणि त्यालाच भिंती फुटल्यासारख्या. कातळ कुठे संपतो, बांधकाम कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.

हे पोफळीच्या, डोंगरात खोदलेल्या वीजघरातून रिटायर झालेले. सहसा कशाला भुलणारे नाहीत. पण मान वर करून चालता चालता रस्त्याच्या मधोमध थांबले ते थांबलेच. मागे डबलडेकर बस येऊन उभी राहिली.

"अहो, बस आलीय!" मी ओरडले.

नजर न काढता म्हणाले, "थांबू दे गो. ड्रायव्हरही बघत असेल!"

* * *

दुपारी किल्ल्यावर एका बाकावर बसून डबा उघडला. आजूबाजूला गर्दी जमत होती. मला वाटलं, आमचे घावणे बघायलाच जमलेत की काय!

तेवढ्यात धडाम! माझ्या हातातला घावणा उडाला तो थेट यांच्या मांडीवर.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हसत सांगितलं, "एक वाजला. इथे रविवार सोडून रोज एकला तोफ उडते. बंदरातली जहाजं पूर्वी तिच्यावर घड्याळं लावायची."

मी म्हटलं, "आमच्याकडे लाइट जाते, त्यावर लावतो."

वीजघरवाले पुढची पाच मिनिटं फक्त घावणे खात होते.

* * *

त्याच किल्ल्यात एक एवढीशी खोली आहे. आमच्या बाळंतिणीच्या खोलीपेक्षाही लहान. तिथे इथल्या एका राणीने पुढच्या राजाला जन्म दिला म्हणे. मी दारातच उभी राहिले. एवढ्या अवाढव्य किल्ल्यात तिच्या वाट्याला जागा केवढी!

तिथे देखरेखीला एक बाई होत्या. म्हणाल्या, "पुढे इंग्लंडने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं."

हे चटकन म्हणाले, "आमच्या गावीसुद्धा इंग्रजांनी एक राजा आणून ठेवला होता. ब्रह्मदेशाचा. त्याचा राजवाडा आहे अजून."

"मग तो परत गेला का?"

"नाही."

 बाई हळूच म्हणाल्या, "आमचीही नाही आली."

* * *

त्या शहराच्या खाली आणखी एक शहर आहे! जुन्या गल्ल्यांवरच पुढे नवी इमारत चढवली, आणि खालची घरं तशीच जमिनीत राहिली. ती बघायला गाइड घेऊन जातो. दाराशी त्याने विचारलं, "अंधाराची, बंद जागेची कुणाला भीती?"

यांनी हात वर केला.

गाइड बिचारा हळुवारपणे म्हणाला, "सर, तुम्ही वर थांबलात तरी चालेल."

"भीती नाही हो! माझी सगळी नोकरी डोंगराच्या पोटात झाली, एवढंच सांगायचं होतं!"

सगळे हसले.  पण आत गेल्यावर हे एका काळपट भिंतीवर तळवा ठेवून पुटपुटले, "अगो, आम्ही ड्युटी संपली की वर यायचो. ही माणसं इथेच राहायची."

* * *

संध्याकाळी परत निघालो. किल्ल्यापासून उतरत जाणारा तो मोठा दगडी रस्ता, आणि दोन्ही अंगांना इमारतींच्या पोटातून खाली जाणारे अरुंद बोळ. कोपऱ्यावर चौकड्यांचा घागरा घातलेला एक दाढीवाला बगलेत पिशवी धरून बॅगपाइप वाजवत होता. मी ऐकत उभी राहिले. मागे वळून बघते तर हे नाहीत!

माझ्या फोनमध्ये तिथलं सिम नव्हतं. या बोळात डोकावले, त्या बोळात डोकावले. सगळे सारखेच. गाडीची वेळ होत आलेली. 

पाइपवाल्याने माझा चेहरा बघून वाजवणं थांबवलं. "काय झालं?"

"माय हजबंड..." पुढचं इंग्रजी आठवेचना.

मग मला काय झालं कोण जाणे! माझं माहेर आरे-वाऱ्याकडचं. तिथे आंब्याच्या बागेत माणूस दिसेनासा झाला की कुकारा घालतात. मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि घातला!

"कूऽऽऽ!"

दगडी भिंतींनी तो उचलला आणि पार खालपर्यंत नेला.  माणसं जिथल्या तिथे उभी. पाइपवाल्याने तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

आणि खूप खालून, कुठल्या तरी बोळातून आलं, "कूऽऽऽ!"

थोड्या वेळाने हे धापा टाकत वर आले.  पाइपवाल्याने यांना विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कुठे आहात?"

"आणि तुम्ही?"

"तेच," हे म्हणाले.